अस्तराचा कागद

नक्कलबाईंना बाइंडर ओळखत होता, पण थोडाच. बारा-तेरा वर्षं त्या त्याच्या दुकानात येत-जात होत्या. तरी त्यांच्या घराचा जिना तो कधी चढला नव्हता, आणि त्यांच्या माहेरी कोण कोण आहे हेही त्यानं कधी विचारलं नव्हतं. म्हणून वकिलांच्या खोलीत त्यांची शोकसभा भरली आणि कुणीतरी म्हणालं, "काका, तुम्हीही बोला दोन शब्द, तुमच्याच दुकानात त्यांचा अभ्यास झाला," तेव्हा तो खुर्चीतून अर्धवट उठला, "मला काय माहीत," असं पुटपुटला आणि परत बसला. लोकांना वाटलं, म्हातारा गहिवरला. गहिवरला होता हे खरंच, पण सांगायचं आणखीही काही होतं, आणि ते चारचौघांत काढण्यासारखं नव्हतं.

त्याला माहीत होतं ते एवढंच. बाई चहा बिनसाखरेचा घेत. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली असे. पायऱ्या चढताना मोजत. त्या सभेत मात्र त्याला तीन नव्या गोष्टी कळल्या. एक, बाई मूळच्या डावखुऱ्या होत्या, शाळेत मारून-मुटकून त्यांना उजव्या हातानं लिहायला लावलं होतं. दुसरी, त्यांना विहिरीत पोहता येत असे. तिसरी गोष्ट तिच्या जागी येईल.

नक्कलबाई हे त्यांचं नाव नव्हे. कोर्टाच्या तळमजल्यावर नक्कल विभागाची खिडकी होती, तिच्यामागे त्या बसत. कुणाला निकालपत्राची प्रत हवी असली की अर्ज करायचा आणि आठवड्यानं बाईंच्या गोल, सरळ अक्षरातली नक्कल न्यायची. ही नकला काढायची यंत्रं यायच्या आधीची गोष्ट. नकलेचा नियम कडक होता. मूळ कागदात जसं असेल तसं उतरवायचं. न्यायाधीशांनी ऱ्हस्व-दीर्घ चुकवलं असेल तर नकलेतही चुकलेलंच हवं. आणि उतरवताना एक शब्द इकडचा तिकडे झाला की अख्खा ताव बाद. समासात "रद्द" असा शिक्का मारून तो बाजूला ठेवायचा.

हे बाद ताव बाइंडरकडे येत. कोर्टाच्या समोरच्या गल्लीत त्याचं दुकान, मागच्या बाजूला घर. कोर्टाची जुनी दप्तरं बांधायचं काम चाळीस वर्षं त्याच्याकडे होतं आणि त्या कामाच्या करारात एक ओळ होती : रद्द नकला फाडून लगद्याला द्याव्यात. बाइंडर त्या देत असे, पण सगळ्या नाही. तो कागद इतका चिवट, की फाडायला हात धजत नसे. त्यातले बरे ताव निवडून तो फळीवर ठेवी आणि पुस्तकाच्या पाठीला, पुठ्ठ्याच्या आतून, अस्तराखाली वापरी. सगळेच बाइंडर असं करतात. पुस्तकाच्या पोटात काय आहे ते बघायला कोण जातंय?

एक दिवस दुपारच्या सुट्टीत बाई एक जाडजूड पुस्तक घेऊन आल्या आणि म्हणाल्या, याचे तीन भाग करून द्या. बाइंडरनं पुस्तक उलटंपालटं केलं. कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेचं मार्गदर्शक होतं, नवंकोरं. चांगलं पुस्तक कापायचं म्हणजे त्याच्या जिवावर आलं. त्यानं कारण विचारलं, तेव्हा बाईंनी दाराकडे एकदा बघून घेतलं आणि सांगितलं, की पातळ असलं तर रजिस्टराखाली मावेल, खिडकीवर गर्दी नसताना वाचता येईल.

"मुलीसाठी का?" त्यानं विचारलं.

"मुलगी कुठली, काका. माझ्यासाठी. वकिलीला जायचंय." मग म्हणाल्या, "बावीस वर्षं माशीला माशी मारली. आता एकदा माझं स्वतःचं वाक्य लिहायचंय."

बाइंडरनं पुस्तक ठेवून घेतलं. त्यानं तीन भाग केले, प्रत्येकाला वेगळ्या रंगाचं कापड लावलं. त्यानंतर बाई रोज दुपारी डबा घेऊन दुकानात येऊ लागल्या. त्यांच्या विभागात बसून अभ्यास करावा तर चार टोमणे ऐकावे लागत; घरी जागा नव्हती. नवरा बसडेपोत वेळा नोंदवायच्या कामावर, माणूस थट्टेखोर. बाई पुस्तक घेऊन बसल्या की म्हणे, "वकीलसाहेब, चहा आज मिळेल की पुढची तारीख पडेल?" बाई हे हसून सांगत.

दुकानात दाब द्यायच्या शिकंज्याशेजारी एक स्टूल होतं, तिथे खिडकीतून चांगला उजेड येई. बाई तिथे बसत. प्रवेशपरीक्षेत कोडी असत : पाच माणसं गोल टेबलाभोवती बसली आहेत, डॉक्टरच्या डावीकडे शिक्षक नाही, सुताराच्या उजवीकडे गवंडी आहे, तर न्हाव्याशेजारी कोण? बाईंचं डोकं अशा वेळी चालत नसे. मग बाइंडर खळीचे पाच डबे मांडी आणि दोघं मिळून त्या डब्यांना टेबलाभोवती फिरवीत. एकदा आतून बायको आली, डबे बघितले, म्हणाली, "खेळ झाला की खळ शिजवायची आहे, आठवण असू द्या."

पहिल्या खेपेला बाई चार गुणांनी राहिल्या. दुसऱ्या वर्षी जागा मिळाली. मग तीन वर्षं संध्याकाळचं कॉलेज. तेव्हा बाइंडरच्या हातात प्रश्नांच्या चिठ्ठ्या आल्या. टाके घालता घालता तो एकेक विचारी. जन्मभर त्यानं कायद्याची पुस्तकं बांधली होती, पण कायदा त्याला ठाऊक होता तो पाठीकडूनच. आत काय लिहिलंय ते वाचायची त्याची कधी छाती झाली नव्हती. सातवीनंतर शाळा सुटलेली.

"अपूर्वन्याय म्हणजे काय?" त्यानं एकदा विचारलं.

"पूर्वन्याय, काका. एकदा निकाल लागलेल्या वादाचा पुन्हा दावा लावता येत नाही."

"आमच्या घरी हा कायदा लागू झालेला नाही," बाइंडर म्हणाला.

"ऐकू येतं मला," आतून आवाज आला.

बाई इतक्या हसल्या, की चष्म्याची काडी सुटली. बाइंडरनं ती टाक्याच्या दोऱ्यानं नव्यानं बांधून दिली. आपण कुणाला इतकं हसवू शकतो याचंच त्याला त्या दिवशी फार नवल वाटलं.

पदवी झाली. आता राहिली सनदेची परीक्षा. ती पार पडली की कोर्टात उभं राहता येणार होतं. तिचा नियम बाईंनी त्याला वाचून दाखवला होता : कायद्याची पुस्तकं सोबत नेता येतील, मात्र त्यांत छापलेल्या मजकुराखेरीज एक अक्षरही असता कामा नये. बाईंकडे सहा कायदे होते, सहा पातळ पुस्तिका, वापरून पानं सुटलेल्या. पेन्सिलीच्या खुणा त्यांनी स्वतः खोडरबरानं पुसल्या होत्या, पान उजेडाला धरून धरून.

बाइंडर म्हणाला, "मी यांचं एकच पुस्तक करून देतो. माझ्याकडून."

त्यानं ते पुस्तक जीव ओतून केलं. नीट शिलाई, गोल पाठ, गडद निळं कापड. पण दप्तराचं एक निकडीचं काम मध्ये आलं आणि सुरुवातच उशिरा झाली. पाठीला आणि पुठ्ठ्याला आतून मजबुती हवी म्हणून त्यानं फळीवरचा ताव काढला. ताव बाईंच्याच अक्षरातला होता, हे त्याला दिसलं. त्याला ते बरंच वाटलं, त्यांचाच कागद त्यांच्या पुस्तकाला. समास पट्टीनं सरळ कापून टाकला, खळ लावली, वरून कोरं अस्तर चिकटवलं. असं पुस्तक दोन दिवस दाबाखाली ठेवायचं असतं. त्यानं एकाच दिवसात काढून दिलं, कारण बाई दारात उभ्या होत्या आणि परीक्षा दुसऱ्या दिवशी होती.

परीक्षेनंतर तिसऱ्या दिवशी बाई आल्या. स्टुलावर बसल्या आणि कुणा दुसऱ्याची हकीकत सांगावी तशी सगळी हकीकत सांगितली. परीक्षागृहात पुस्तकं तपासणारी बाई होती. तिनं निळ्या पुस्तकाचा पुठ्ठा मागे वाकवला, पुन्हा वाकवला. अस्तराचा कोपरा सुटला. तिनं नख घातलं. आत हातानं लिहिलेल्या ओळी, "सबब वादीचा वाटणीचा दावा" अशा. अक्षर उत्तरपत्रिकेवरच्या अक्षराशी तंतोतंत जुळत होतं, आणि नेमका त्या दिवशी वाटणीवरच प्रश्न होता. पुस्तक काढून घेतलं. बाईंनी पेपर पुस्तकाशिवाय लिहिला. निकाल राखून ठेवला होता आणि तीन आठवड्यांनी समितीपुढे सुनावणी होती.

"जन्मभर नकला केल्या म्हणून नक्कलबाई," बाई म्हणाल्या. "आता म्हणतात कॉपी केली."

बाइंडरच्या हातातली सुई तशीच राहिली. त्याला म्हणायचं होतं, की माझ्यामुळे झालं. तोंडातून निघालं ते, "कागद कुठला म्हणे?"

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. आपला बाद झालेला ताव त्यांना ओळखू आला नसेल असं होणं शक्यच नव्हतं. तो ताव लगद्यात न जाता इथे कसा आला, हेही त्यांना कळलं असणार. पण त्यांनी तसं काही म्हटलं नाही. "बांधणीतला असेल, असं मी सांगितलंय," त्या म्हणाल्या. "तर ते म्हणतात, बांधणाऱ्यानं येऊन सांगावं. सुनावणी गुरुवारची, अकरा वाजता, समितीच्या कचेरीत दुसऱ्या मजल्यावर. तुम्हाला जमलं तर."

"बघतो," बाइंडर म्हणाला.

हा "बघतो" कसला असतो ते आपल्याकडे लहान पोरालाही कळतं. बाईंनी मान हलवली, डबा उचलला आणि गेल्या.

बाई गेल्यावर त्यानं कातरणाची टोपली जमिनीवर ओतली. तासभर शोधल्यावर बोटभर रुंदीची पट्टी सापडली. तिच्यावर निळ्या शाईत "रद्द" असा शिक्का होता, आणि ओळींची टोकं कापलेली होती. ही पट्टी त्या तावाला जोडून दाखवली असती, की हा बाद झालेला ताव आहे आणि तो माझ्या फळीवरून आला, तर दुसरा पुरावा लागलाच नसता. आपल्या हाताला नीटनेटकेपणाची खोड नसती आणि समास कापला नसता, तर तपासणारीला तिथेच शिक्का दिसला असता, हेही त्याला कळलं. पण पट्टी दाखवायची म्हणजे कोर्टाचे कागद आपण ठेवून घेतले हे कबूल करायचं. चाळीस वर्षांचं काम जाणार. आणि त्याहून मोठी भीती अशी, की खोलीत पाच माणसं टेबलापलीकडे बसलेली असणार आणि आपल्याला उभं राहून बोलावं लागणार. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण त्यानं जन्मभर शहाणपण म्हणून सांगितली होती. खरं म्हणजे ते त्याच्या भित्रेपणाचं पांघरूण होतं.

सुनावणीच्या गुरुवारी त्यानं धुतलेला सदरा घातला, पट्टी पाकिटात घालून वरच्या खिशात ठेवली आणि तो जिना चढला. दुसऱ्या मजल्यावर बाक होता, त्यावर बसला. बाई समोरच्या भिंतीशी उभ्या होत्या. त्याला बघून त्यांचा चेहरा जरा सैल झाला. त्या काही बोलणार एवढ्यात शिपायानं नाव पुकारलं आणि त्या आत गेल्या. दार उघडं होतं. एका गृहस्थाचा आवाज आला, "बांधणारा आलाय का?"

शिपाई बाहेर आला, बाकाकडे बघून म्हणाला, "बाइंडर तुम्हीच का हो?"

बाइंडरच्या जिभेवरून कसा निघाला कोण जाणे, पण शब्द निघाला तो असा : "नाही. मी दुसऱ्या कामाला आलोय."

शिपाई आत गेला. बाइंडर उठला आणि जिना उतरला. खाली येईपर्यंत त्याच्या लक्षात आलं, की आपण पायऱ्या मोजतो आहोत. अडतीस होत्या.

बायकोला त्यानं चार दिवस सांगितलं नाही. पाचव्या दिवशी ती सदरा धुवायला टाकताना खिसे चाचपत होती, तिला पाकीट सापडलं. तिनं पट्टी बघितली, त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि सगळं वदवून घेतलं. ती ओरडली नाही. खळीचा डबा त्याच्यापुढे ठेवून म्हणाली, "अहो, ही पुठ्ठ्याला लावायची असते. तुम्ही तोंडाला कशाला लावून बसलात?"

मग त्यानं पत्र लिहिलं. आयुष्यात त्यानं पावत्या सोडून काही लिहिलं नव्हतं. एक पान लिहायला दोन दिवस लागले. बाद ताव मी ठेवून घेतला, बाईंना ठाऊक नव्हतं, चूक माझी, दंड मला करा. सोबत पट्टी टाचली. पुन्हा अडतीस पायऱ्या चढला आणि पत्र समितीच्या कारकुनाच्या हातात दिलं. कारकुनानं उभ्या उभ्या वाचलं. "आजोबा," तो म्हणाला, "हे गुरुवारी आणलं असतं तर. परवा आदेश निघाला. पेपर बाद, पुढच्या वर्षी बसायला परवानगी." वरातीमागून घोडं म्हणतात ते हे.

पत्र वाया मात्र गेलं नाही. बाईंच्या कागदांतून ठपका काढला गेला, पण परीक्षा वर्षातून एकदाच असे, वर्ष गेलं ते गेलं. आणि कोर्टानं बाइंडरचं काम बंद केलं. त्याला ते बरं वाटलं, काहीतरी शिक्षा मिळाली म्हणून. आणि बरं वाटलं याचीही लाज वाटली. शाळांची हजेरीपुस्तकं बांधून घर चालायचं ते चाललं.

दोन महिने बाई आल्या नाहीत. मग एका दुपारी आल्या, नेहमीच्या स्टुलावर बसल्या, डबा उघडला. बाइंडर शिलाईवरून मान वर करीना. बाईंनीच विषय काढला. त्यांनी सांगितलं, की त्याचं पत्र समितीकडून कोर्टात आलं होतं आणि कोर्टाला दप्तरासाठी त्याची नक्कल हवी होती. नकलेचा कागद कुणाच्या टेबलावर जातोय हे कोण बघतं? तो त्यांच्याच टेबलावर आला.

"पूर्ण उतरवून काढलं," बाई म्हणाल्या. "तुम्ही 'गुन्हा' तीनदा लिहिलाय आणि तिन्ही वेळा चुकवलाय. एकदा 'गुन्हां', एकदा 'गून्हा', एकदा काहीतरी तिसरंच. मला फार वाटलं दुरुस्त करावं. नियम आहे ना. तसंच ठेवलं."

बाइंडर म्हणाला, "गुरुवारी मी बाकावर..."

"बघितलं मी," बाई म्हणाल्या. "चिठ्ठ्या आहेत का अजून? की त्याही कुठे चिकटवल्यात?"

चिठ्ठ्या होत्या. त्यानं त्या काढल्या आणि पहिली वाचली. त्या गुरुवारबद्दल यापलीकडे त्यांच्यात कधी बोलणं झालं नाही. पुढच्या वर्षी बाई सहा सुट्या पुस्तिका नाडीनं बांधून घेऊन गेल्या आणि पास झाल्या. नोकरी सोडून काळा कोट घातला. सहा वर्षं वकिली केली, मोठी नव्हे. वाटण्या, भाडेकरू, पोटगी. खिडकीवर अर्ज लिहिता न येणारी माणसं दिसली की तेव्हाही थांबून लिहून देत, म्हणतात.

आता ती तिसरी गोष्ट. शोकसभेत बाईंचा नवरा बोलायला उभा राहिला. तो थट्टा करणारा माणूस त्या दिवशी कागदावरून वाचत होता. त्यानं सांगितलं, बाईंचे वडील पोस्टमन होते. शेवटची वर्षं अंथरुणाला खिळून त्यांच्याकडेच होते, बाहेरच्या खोलीत. रोज विचारत, "कोट कधी दाखवणार?" बाईंनी कोट आधीच शिवून घेतला होता, पण सनद मिळाल्याशिवाय अंगाला लावायचा नाही असा त्यांचा हट्ट होता. पहिली परीक्षा झाली आणि निकाल अडला. वडील त्या मधल्या वर्षात गेले. निकाल लागून सनद हातात आली तेव्हा त्यांना जाऊन सात महिने झाले होते.

बाइंडरनं मनातल्या मनात महिने मोजले. पुन्हा मोजले. इतकी वर्षं रोज दुपारी समोर बसून डबा खाणाऱ्या बाईच्या घरी एक म्हातारा काळ्या कोटाची वाट बघत पडलाय, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं म्हणून त्याला कळलं नव्हतं, आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. त्या गुरुवारच्या आधी सांगितलं असतं तर आपण आत गेलो असतो का, हे तो स्वतःला विचारत राहिला. त्याला खात्री देता येईना, आणि तेच सगळ्यात वाईट होतं.

बाईंच्या जाण्याच्या चार दिवस आधीची गोष्ट. त्या दुकानात आल्या, कोट हातावर टाकलेला, जरा दमलेल्या वाटल्या. दमल्या का हेही त्यानं विचारलं नाही. पिशवीतून त्यांनी ते निळं पुस्तक काढलं. समितीनं इतक्या वर्षांनी जुनं सामान आवरताना परत पाठवलं होतं. पुठ्ठा तसाच उघडा, अस्तर लोंबतं, आतला ताव मात्र काढून घेतलेला.

"हे पुन्हा करून द्या," त्या म्हणाल्या. "शिलाई छान आहे, टाकवत नाही."

बाइंडरनं पुस्तक हातात घेतलं. पाठ अजून गोल होती. "आत कोरा कागद लावतो," तो म्हणाला.

"लावा."

"पण दोन दिवस दाबाखाली ठेवावं लागेल. मध्ये काढता येणार नाही."

"ठेवा की," बाई दाराशी वळून म्हणाल्या. "मला घाई नाही."